मुक्कामांची वही

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी मंडळाची बैठक उरकत आली तेव्हा अध्यक्षकाका मला म्हणाले, "ताई, यंदा तुम्ही चालू नका. आम्हाला जेवू घाला."

मला एकदम भरून आलं. ठाण्यातल्या कोपरीहून शिर्डीला पायी जाणाऱ्या आमच्या पालखीत मी आधीची दोन वर्षं चालले होते. वर्षातले ते आठ दिवस माझे स्वतःचे असतात. पण काकांना नाही म्हणता येईना. एक तर माझं पोळीभाजी केंद्र आहे, रोज तीनशे पोळ्या आमच्या हातून जातात, त्यामुळे माणसं मोजून शिधा काढायची सवय आहे. दुसरं म्हणजे दोन्ही वर्षी परत आल्यावर मीच बैठकीत बोलले होते, की आपण महिनाभर चालायचा सराव करतो, पण थांबायचं कुठं, काय खायचं, याचा विचार आयत्या वेळी करतो. आता ते करून दाखवायची वेळ माझ्यावर आली होती.

ठाणे ते शिर्डी रस्त्यानं साधारण २२० किलोमीटर पडतात. २०२५ ची रामनवमी ६ एप्रिलला होती. २९ मार्चला पहाटे निघायचं आणि ५ एप्रिलला संध्याकाळी पोहोचायचं, असं ठरलं. आठ दिवस, सात रात्री, ६२ पदयात्री आणि आम्ही ९ सेवेकरी. रात्रीचे मुक्काम पडघा, शहापूर, खर्डी, इगतपुरी, घोटीच्या पुढं सिन्नर रस्त्यावरचं एक गाव, मग सिन्नर आणि शेवटचा वावी. गाड्या तीन: पालखीचा रथ, स्वयंपाकाचा आणि सामानाचा एक आयशर टेम्पो, आणि पाण्यासाठी छोटा हत्ती.

मी एक शंभर पानी वही घेतली आणि भाच्याच्या मोटरसायकलवर मागं बसून फेब्रुवारीतले दोन रविवार तो सगळा रस्ता पाहून आले. वहीत उभे रकाने पाच आखले होते. पाणी, संडास, सावली, टेम्पो लावायला जागा आणि वीज. विजेचा रकाना भाच्यानं सुचवला. मुक्कामाला पोहोचल्यावर साठ माणसांचे मोबाईल चार्जिंगला लागतात आणि हॉलमध्ये बटणं असतात दोन, त्यावरून दर वर्षी कुरबुर होते.

पहिल्याच रविवारी एक गोष्ट लक्षात आली, जी चालताना कधी जाणवली नव्हती. महामार्गावर पालखी डाव्या कडेनं चालते. मागं रथ, पुढं-मागं लाल झेंडी घेतलेली पोरं, अंगात रेडियमची जॅकेटं. मधे दुभाजक असतो. पलीकडच्या हाताला कितीही चांगला पंप असो, कितीही मोठं झाड असो, आपल्याला त्याचा उपयोग नाही, कारण चार पदरी रस्ता ओलांडून साठ माणसं नेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे माजिवड्यापासून घोटीपर्यंत मी फक्त डाव्या हाताचं लिहिलं. अर्धी वही तिथंच कमी झाली.

पेट्रोल पंपावर संडास आणि प्यायचं पाणी ठेवणं पंपवाल्यांना बंधनकारक असतं आणि ते मोफत असतं. तरी मी प्रत्येक ठिकाणी उतरून आत जाऊन बघितलं. माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत: "डावीकडं पंप. बायकांचा वेगळा. स्वच्छ. किल्ली मॅनेजरकडं, मागावी लागते." "पंप. पाणी नाही, बादली आपली न्यावी." पडघ्याच्या अलीकडच्या एकाबद्दल लिहिलंय, "स्वच्छ, पाणी भरपूर, दाराला आतून कडी नाही." आत एक बाई गेली की दुसरीनं दार धरून उभं राहायचं. अशा जागी मी पुढं टेम्पोतून नाडी न्यायची ठरवली, दाराच्या भोकातून ओढून धरायला.

शाळांचं वेगळंच असतं. जिल्हा परिषदेची शाळा मुक्कामाला फार चांगली, ओसरी असते, हापसा असतो, पटांगण असतं. पण उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते. आम्हाला दुपारचा विसावा अकराला हवा आणि वर्ग रिकामे होतात बाराच्या सुमारास. परीक्षेच्या दिवसांत मुलं पेपर लिहीत असताना आपण बाहेर भांडी आपटणं मला पटत नाही. म्हणून दुपारी मंगल कार्यालय किंवा देवळाचा सभामंडप, आणि शाळा फक्त रात्री, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, असा नियम केला.

शिध्याचं गणित मी आणि आचारीमामांनी बसून मांडलं. ७१ माणसं. एका वेळेला तांदूळ माणशी १०० ग्रॅम म्हणजे सात किलो. पोहे साडेपाच किलो. १९ किलोचा सिलिंडर भट्टीच्या शेगडीवर दोन दिवस पुरतो, म्हणून पाच घेतले. पाणी चालणाऱ्याला तासाला अर्धा लिटर धरलं, तर सकाळच्या सहा तासांत ६२ जणांना १८६ लिटर, म्हणजे वीस लिटरचे दहा जार नुसते पहिल्या टप्प्याला. हे आकडे बैठकीत वाचून दाखवले तेव्हा पुरुषमंडळी म्हणाली, एवढं पाणी लागत नाही, दर वर्षी निम्मे जार परत येतात. मलाही तसं आठवत होतं. जार परत येतात हे खरंच होतं. का येतात, हे मात्र मला पहिल्याच दिवशी कळलं.

२९ तारखेला पहाटे चारला आरती करून पालखी निघाली. तीन हात नाक्यावरून, नितीन कंपनीवरून, माजिवड्याला यायला दीड तास गेला, कारण जागोजागी लोक दर्शनाला उभे होते. माजिवड्याला एका भाविकानं सगळ्यांना गरम वडापाव दिला. प्रेमानं दिलेलं नाकारता येत नाही आणि पहाटे साडेपाचला भुकेल्या माणसाला वडापावचा वास आवरत नाही. दोन-दोन खाल्ले लोकांनी. साकेत पूल ओलांडेपर्यंत जळजळ सुरू झाली. तेलकट खाऊन चालणं फार त्रासाचं, तहान वाढते आणि पोट जड होतं. तेव्हापासून आम्ही असं केलंय की कोणी तळलेलं आणलं तर ते आदरानं टेम्पोत घ्यायचं आणि मुक्कामाला पोहोचल्यावर संध्याकाळच्या चहाबरोबर वाटायचं.

रांजनोलीच्या चौकात ट्रकांच्या कोंडीत छोटा हत्ती अडकला. पालखी पुढं गेली, पाणी मागं राहिलं. पाच किलोमीटर लोक आपापल्या बाटलीवर चालले. साडेनऊला भिवंडी बायपासवर, जिथं दोन्ही बाजूंना नुसती गोदामं आहेत, एक वहिनी रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. ओठ पांढरे, हातापायाला मुंग्या. मी टेम्पोतून उतरून धावले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट घालून घोट घोट पाजलं. (पाकीट पेल्यात रिकामं करून पिऊ नये, पाकिटावर लिहिलेलं असतं तेवढ्याच पाण्यात घालावं, आमचं एक लिटरचं होतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ.) जरा डोळे उघडल्यावर मी तिला रागावलेच. म्हटलं, गाडी तर आत्ता अडकली, पहाटेपासून तुझी बाटली भरलेलीच आहे, एक घोट कमी झालेला नाही.

ती हळूच म्हणाली, "ताई, पाणी प्यायले तर जाऊ कुठं?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. कारण दोन वर्षं मीही हेच केलं होतं. पहाटे निघताना चहासुद्धा अर्धा टाकून द्यायचा, दहा वाजेपर्यंत फक्त ओठ ओले करायचे. पुरुष कुठंही कडेला उभे राहतात. बाई गोदामांच्या भिंतींमध्ये, ट्रकांच्या रांगेत, जाणार कुठं? आणि ही गोष्ट बैठकीत कोणी बोलत नाही, बायकासुद्धा नाही. म्हणून जार परत येत होते. मी वहीत पाण्याचा आणि संडासाचा असे दोन रकाने वेगळे आखले होते, पण ती एकच गोष्ट होती.

त्या रात्री पडघ्याला मुक्कामावर मी काकांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. त्यांना कसंतरी झालं, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच एक गाडी पाठवून ताडपत्री, चार बांबू आणि दोन मोठ्या झाकणाच्या बादल्या मागवल्या. दुसऱ्या दिवसापासून छोटा हत्ती पालखीच्या पुढं पाच किलोमीटरवर जाऊन थांबायचा. वहीतला पंप असेल तर पंपावर, नाहीतर आडोसा बघून ताडपत्रीची खोली उभी करायची. माईकवरून सांगायचं नाही. गाडीच्या मागच्या दांडीला हिरवा झेंडा बांधायचा. हिरवा झेंडा दिसला की बायकांना कळायचं, इथं सोय आहे. तिसऱ्या दिवशी जार परत आले नाहीत. उलट शहापूरला आणखी चार विकत घ्यावे लागले.

दुसरा दिवस गुढीपाडव्याचा. सूर्य उगवला तेव्हा आम्ही वाशिंदच्या अलीकडं होतो. आचारीमामांनी आयशरच्या हौद्याला बांबू बांधला, माझी नवी साडी, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर तांब्या. रस्त्याच्या कडेला उभ्या टेम्पोवर गुढी, समोर ६२ माणसं हात जोडून. कडुलिंबाची चटणी गूळ, ओवा घालून मी रात्रीच वाटून ठेवली होती. ती सगळ्यांनी खाल्ली, मुलांनीसुद्धा. दुपारी मात्र श्रीखंड-पुरी वाढायला मी नकार दिला. पाडव्याच्या दिवशी ताटात वरणभात, काकडीची कोशिंबीर आणि ताक बघून दोघं-तिघं नाराज झाले, एक काका तर न बोलता उठले. पण दुपारी श्रीखंड खाऊन माणूस झोपतो आणि चार वाजता उठला की पाय उचलत नाहीत, हे मी आधीच्या वर्षी अनुभवलं होतं. रात्री शहापूरला पोहोचल्यावर पाय पसरून बसलेल्या प्रत्येकाला श्रीखंडाची वाटी दिली. काकांनी दुसरी मागून घेतली.

जेवणाचं आणखी एक शिकले. पहिले दोन दिवस माणूस जेवत नाही, दमून नुसता झोपतो. तिसऱ्या दिवसापासून भूक उघडते आणि मग सात किलो तांदूळ कमी पडतो, नऊ लागतात. उसळ, वाटाणा, कोबी रस्त्यात नको, पोटात वायू धरतो. पहाटे निघताना रिकाम्या पोटी सोडू नये, एक केळं आणि मूठभर गूळ-शेंगदाणे हातात द्यावेत. सकाळी आठला पोहे किंवा उपमा, त्यावर लिंबू. मीठ नेहमीपेक्षा हलक्या हातानं नव्हे, जरा जास्तच घालायचं. घामानं लोकांच्या शर्टावर पाठीला पांढरे नकाशे उमटतात, ते मीठच असतं. रक्तदाबवाल्यांची यादी वेगळी, त्यांचं ताटही वेगळं.

तिसरा दिवस शहापूर ते खर्डी. या टप्प्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

मार्चअखेरीला आटगावच्या पुढं रस्त्याला मोहाचा वास येतो. फुलं गळून खाली सडा पडलेला असतो आणि पाड्यावरच्या बायका-मुलं ती पाट्यांत वेचत असतात. फेब्रुवारीत मी इथल्या एका पाड्याजवळ वहीत लिहून ठेवलं होतं: "विहीर, पाणी भरपूर, सावली उत्तम, दुपारचा विसावा इथं." आम्ही साडेदहाला तिथं पोहोचलो तर विहिरीचा तळ दिसत होता. दीड महिन्यात पाणी गेलं होतं. तळाशी परातीएवढं डबकं, आणि एक मुलगी आत उतरून वाटीनं पाणी भरत होती. वर हंड्यांची रांग. टँकर दोन दिवसांआड येतो, असं तिथल्या बायका म्हणाल्या.

आमची ६२ माणसं सावलीत टेकली. मी आचारीमामांना खुणेनं सांगितलं, भांडी काढू नका, पुढं जाऊ. तेवढ्यात एका झोपडीतून एक म्हातारी बाहेर आली. कमरेत वाकलेली, काखेत ॲल्युमिनियमची कळशी. तिनं कुणाला काही विचारलं नाही. जवळच्या पोराच्या हातात पेला दिला आणि त्यात पाणी ओतलं. मग दुसऱ्याला. मी तिचा हात धरला. म्हटलं, "आजी, आमच्याकडं गाडीत पाणी आहे. तुमचं राहू द्या." ती म्हणाली, "चालत आलेल्याला पाणी नाही म्हणायचं नसतं गं." पाणी गढूळ नव्हतं, फडक्यानं गाळलेलं होतं. कळशीच्या तोंडाला ते ओलं फडकं अजून बांधलेलं होतं. मीही एक पेला प्यायले.

भातसा आणि तानसा, दोन्ही धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. भातसेच्या पाण्यावर मुंबई चालते, आमच्या ठाण्यालाही तेच पाणी येतं. कोपरीत माझ्या केंद्रात रोज सकाळी मी नळ सोडून दोनशे लिटरचं पिंप भरते आणि त्या पिंपातलं पाणी कुठून येतं हे मला त्या झाडाखाली बसल्यावर समजलं. आम्ही आमच्या जारमधले तीन जार आजीच्या ओट्यावर ठेवले. ते घ्यायलाही तिनं नकोच म्हटलं, शेजारच्या बायकांनी घेतले.

त्या दिवशी खर्डीच्या मुक्कामावर मी आंघोळीला बंदी केली. ७१ माणसांची एकेक बादली म्हटली तरी हजार लिटरच्या वर पाणी जातं. ओल्या पंचानं अंग पुसायचं, हातपाय धुवायचे, बस्स. थोडी कुरकुर झाली. ज्यांनी दुपारी ती विहीर पाहिली होती त्यांनीच बाकीच्यांना गप्प केलं. वहीतली ती नोंद खोडून मी लिहिलं: "इथं पाणी मागायचं नाही. शहापूरहून टँकर भरून आणायचा आणि निघताना उरलेलं पाणी पाड्यावर द्यायचं." शहापूर आणि कसाऱ्याच्या पट्ट्यातून दर वर्षी पालख्या जातात. रामनवमीला जाणाऱ्या प्रत्येक मंडळानं एवढं करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

चौथा दिवस घाटाचा. रात्री दोनला उठलो. खर्डी ते कसारा उजाडेपर्यंत संपवायचं आणि ऊन चढायच्या आत घाट चढायचा. घाटात थांबायला जागा नाही, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा आणि मधून ट्रक. म्हणून जे काही पोटात घालायचं ते कसाऱ्यालाच. मी तिथं मऊ भात, वर तूप आणि गूळ, असं दिलं. पोट भरतं पण जड होत नाही, आणि दोन तास टिकतं. कसारा स्टेशनात गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात, कारण पुढचा चढ एका इंजिनाला ओढत नाही. १८६५ पासून हा रेल्वेमार्ग चालू आहे. पहाटेच्या शांततेत त्या इंजिनांचा घरघराट ऐकू येत होता. एक आजोबा भाताची वाटी हातात घेऊन म्हणाले, "गाडीला पण इथं जेवून चढावं लागतं."

वर घाटनदेवीच्या देवळापाशी सगळ्यांना मोजून घेतलं, ६२ भरले. इगतपुरीचा वारा लागला तशी माणसं खुलली.

तिथं दुपारभर पायांचं काम. मोठ्या तीन टबांत कोमट पाणी आणि खडे मीठ, एकेकानं दहा मिनिटं पाय बुडवून बसायचं, मग कोरडे पुसून नारळाचं तेल. सतरा जणांना फोड आले होते. काही जुने पदयात्री फोडातून सुईदोरा ओवतात आणि दोरा तसाच ठेवतात. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दोऱ्यावाटे घाण आत जाते, तसं करू देऊ नका. फोड फोडू नये, स्वच्छ करून वर गॉज लावून चिकटपट्टी मारावी. स्वतःहून फुटला तर कातडं काढू नये. हे सांगायला मला एका काकांशी चांगलाच वाद घालावा लागला. त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता म्हणून मी जिंकले.

घोटीला महामार्ग सोडून सिन्नरच्या रस्त्याला लागलो. भरवीरजवळ समृद्धी महामार्ग दिसतो. त्या रस्त्यावर पायी माणसाला जाता येत नाही. आम्ही आपले जुन्या रस्त्यानं.

पाचव्या रात्रीची गोष्ट मात्र लागली मनाला. एका गावात आम्ही हॉल ठरवला होता, फेब्रुवारीत निम्मे पैसे दिले होते, पावती होती. संध्याकाळी सात वाजता छोटा हत्ती पुढं पोहोचला तर हॉलमध्ये साखरपुडा चालू. मालक म्हणाला, तारीख लिहायची राहिली. भांडण्यात अर्थ नव्हता. मागून ६२ माणसं येत होती आणि अंधार पडला होता. मी आणि भाचा गावात शिरलो. मारुतीच्या देवळात हरिपाठ चालू होता. संपेपर्यंत उभे राहिलो आणि मग अडचण सांगितली. तिथल्या एका जाणत्या बुवांनी एवढंच विचारलं, "माणसं किती?" आकडा ऐकून ते जरा थांबले आणि म्हणाले, "येऊ द्या."

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. कुणीतरी देवळाच्या माईकवरून सांगितलं आणि पाऊण तासात घराघरांतून भाकरी यायला लागल्या. बाजरीच्या, काही ज्वारीच्या, काही घरांतून दोन, काहींतून दहा. मी त्या फडक्यांतून काढून परातीत रचत होते. पोळीभाजीवाली बाई मी, मला पोळीवरून हात कळतो. एक भाकरी जाड, काठाला चिरलेली, म्हणजे नव्यानं शिकणाऱ्या मुलीची. एक इतकी पातळ आणि सारखी, की ती करणाऱ्या बाईनं चाळीस वर्षं तवा सांभाळला असेल. एकावर बोटांचे ठसे लहान होते, पोरानं थापली असावी. आचारीमामांनी मोठ्या पातेल्यात पिठलं केलं, गावातून कांदे आले, उन्हाळ कांदा नुकताच निघाला होता. सभामंडपात ओळीनं बसून लोक जेवले. बायका देवळात आणि शेजारच्या दोन घरांत झोपल्या, पुरुष पटांगणात ताडपत्रीवर. एका घरच्या सूनबाईनं मला विचारलं, "तुमच्या बायकांना पहाटे लागेल ना? आमचा संडास उघडा ठेवते, दिवा लावून ठेवते." मी काहीच सांगितलं नव्हतं तिला.

साईबाबा द्वारकामाईत स्वतः हंडी चढवायचे, हातानं शिजवून फकीर-फुकऱ्यांना वाढायचे, हे लहानपणापासून ऐकलंय. त्या रात्री परात रिकामी होत असताना मला तेच आठवत होतं.

सिन्नर ते वावी या टप्प्यात सावली फार कमी. सहाव्या मुक्कामाच्या संध्याकाळी चार-पाच जण गोंदेश्वराच्या देवळात जाऊन आले, दगडावर हात ठेवला तरी गार वाटतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याची किंमत कळली. पाण्याच्या थांब्याला मी २५ लिटर ताक करून ठेवलं, त्यात जिरं, मीठ, थोडं आलं. दुपारचा विसावा अकराऐवजी साडेनऊला घेतला आणि संध्याकाळी पाचनंतर निघालो. अंधारात चालावं लागलं, पण कोणी पडलं नाही. एका शेतकऱ्यानं द्राक्षांच्या दोन पेट्या रस्त्यावर आणून दिल्या, नाव विचारलं तर हात हलवून निघून गेला.

५ तारखेला संध्याकाळी शिर्डी. दर्शनाची रांग लांब होती, मी बाहेर टेम्पोपाशीच थांबले, भांडी घासून मोजून घ्यायची होती. दोन डाव आणि एक झारी हरवली होती. भिवंडी बायपासवर बसलेली ती वहिनी दर्शन घेऊन आली आणि माझ्या कपाळाला उदी लावली. आठ दिवसांत ती पूर्ण चालली. तिची बाटली मी हातात घेऊन बघितली, रिकामी होती. तिनं ती भरून घेतली आणि माझ्यासमोरच प्यायली.

७ तारखेला परत येताना मी सिन्नरच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानापाशी टेम्पो थांबवला. एक पितळी कडी, चार स्क्रू, ऐंशी रुपये. पडघ्याच्या त्या पंपावर यायला दुपार झाली. परतीच्या वाटेला तो पंप दुभाजकापलीकडं पडतो, त्यामुळे पुढं जाऊन वळून यावं लागलं. मॅनेजरना विचारलं, ते म्हणाले, लावा की. भाच्यानं स्क्रू ड्रायव्हरनं दहा मिनिटांत कडी बसवली. मी आत जाऊन लावून बघितली, नीट बसते. बाहेर आल्यावर वही काढली आणि फेब्रुवारीतली ओळ खोडली. शेजारी लिहिलं: "कडी आहे. ७ एप्रिल."